वजन जाते कुठे?

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने एक जाहिरात काढली. घरगुती चरख्याचा नवा नमुना हवा होता आणि तो देणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस होते. परदेशी कारागिरांनाही भाग घेता यावा म्हणून पौंडांतला आकडा सोबत छापला होता, ७,७००. पण खरे वाचण्यासारखे आहे ते अटींमध्ये. चरखा हलका हवा, सहज उचलून नेता यावा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला सलग आठ तास, फार न थकता त्यावर कातता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे, एकसारखे आणि चांगल्या पिळाचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. यंत्र वीस वर्षे टिकावे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा.

बक्षीस कुणालाच मिळाले नाही. किर्लोस्करांच्या कारखान्यात घडलेला चरखाही त्यासाठी आला होता, तोही सगळ्या अटींना उतरला नाही. म्हणून हा प्रयत्न फसला असे लिहिणारे लिहितात. मला त्या अटींचे मोल बक्षिसाहून मोठे वाटते. हलके म्हणजे काय, हे त्या सहा-सात ओळींत जितक्या नेमकेपणाने मांडले आहे तितके मी नंतरच्या कुठल्याही यंत्राच्या माहितीपत्रकात वाचलेले नाही. उचलताना हाताला लागणारे वजन तेथे मोजले आहे, आणि चालवणाऱ्या बाईच्या अंगावर येणारे, घराच्या खर्चावर येणारे, वीस वर्षांच्या दुरुस्तीचे वजनही मोजले आहे. घर साधे धरले आहे. यंत्राने त्या घरात मावायचे आहे. यंत्रासाठी घर बदलायचे नाही.

जाहिरात निघाली तेव्हा गांधीजी साबरमतीला होते. १९३६ च्या एप्रिल अखेरीस ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्यात मगनवाडीला ग्रामोद्योग संघ १९३४ च्या अखेरीपासून उभा होता, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. तेलघाणीचे जू, चुलीचे तोंड, दिव्याची वात असल्या गोष्टींवर तेथे कसून प्रयोग झाले. रॉकेल विकत घ्यावे लागू नये म्हणून वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप निघाला, धूर कमी करणारी मगन चूल निघाली. वापरणाऱ्याच्या घरात वस्तू कशी वागते हे पाहून तिची पारख करायची, ही रीत या जिल्ह्यात रुजलेली आहे. घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस कोणता घ्यावा, हा साधा वाटणारा प्रश्न मला याच जिल्ह्यात उभा राहून विचारायचा आहे.

आजच्या सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कस्तुरबा रुग्णालयात काम करणारी कित्येक कुटुंबे आहेत. अशा गावातला घरचा संगणक बहुधा नवा नसतो. थोरल्या भावाचे शिक्षण संपले की त्याचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो. चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, दोनदा फॉरमॅट मारलेला, बॅटरी गेलेली म्हणून कायम प्लगला जोडलेला. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यात अँटिव्हायरसचे स्कॅन सुरू झाले की पंखा घरघरतो, फाइल उघडायला मिनिट लागते आणि घरातले कुणीतरी म्हणते, काढून टाक ते. मग ते काढले जाते. जड अँटिव्हायरसचा खरा धोका हा आहे. मंद संगणक एकवेळ सोसता येतो, पण त्याला कंटाळून माणसे पहाराच उठवतात.

हा पहारा इतका जड मुळात नव्हता. लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू जानेवारी १९८६ चा. ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो बसत असे. त्यानंतर आलेला ‘मायकेलअँजेलो’ ६ मार्च या तारखेची वाट पाहत बसे आणि त्या दिवशी संगणक सुरू केला की डिस्कवरची माहिती पुसून टाकी. अशा विषाणूंची संख्या मोजता येण्याजोगी होती. प्रत्येकाची ओळखखूण नोंदवायची, फ्लॉपी घातली की खुणा जुळवून पाहायच्या, एवढ्यात काम भागे. तपासणारा प्रोग्रॅम स्वतः एका फ्लॉपीत मावे.

पुण्यात या कामाची सुरुवात दुरुस्तीच्या दुकानातून झाली, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने आठवावी अशी आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरच्या घरातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले. १९९० मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाड यंत्राचा नसून विषाणूचा असतो, हे ध्यानात आल्यावर संगणकशास्त्र शिकत असलेला धाकटा भाऊ संजय याने ते विषाणू काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ बाजारात आले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. मुंबईचे ‘ई-स्कॅन’, चेन्नईचे ‘के सेव्हन’ आणि पुण्याचेच ‘नेट प्रोटेक्टर’ हीदेखील आपल्याकडचीच नावे. गावोगावच्या दुकानदाराने डबा उघडून, सीडी घालून, की टाकून दिलेला अँटिव्हायरस ही एका पिढीची आठवण आहे. दुकानदार ओळखीचा असे, काही अडले तर त्यालाच विचारता येई. त्या नात्याची किंमत आज इंटरनेटवरून डाउनलोड करताना कळते.

मग इंटरनेट आले. २६ एप्रिल १९९९ ला ‘चेर्नोबिल’ नावाने गाजलेल्या सीआयएच विषाणूने आशियाभर संगणकांची बायोस चिपच खोडून टाकली. असे यंत्र नुसते फॉरमॅट मारून सुरू होत नसे. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने आलेली ई-मेल काही तासांत जगभर फिरली. आपल्याकडे मात्र सगळ्यात जास्त छळले ते पेनड्राइव्हने. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावायचा, प्रकल्पाची फाइल छापून घ्यायची आणि घरी परत येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन यायचा, हे विद्यार्थ्यांना पाठ होते. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमधून २०११ च्या अपडेटने बंद केली, तेव्हा या साथीचा जोर ओसरला. या एका बदलाला ना रॅम लागली ना वर्गणी, आणि तरी त्याने घरोघरचे किती संगणक वाचवले असतील!

आज ‘एव्ही-टेस्ट’ या जर्मन चाचणीसंस्थेकडे दररोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक किंवा नको असलेले प्रोग्रॅम नोंदले जातात. एवढ्या खुणा घरच्या डिस्कवर साठवून जुळवत बसणे शक्य नाही. शिवाय आजचा अँटिव्हायरस फ्लॉपी घातल्यावर एकदाच तपासत नाही. प्रत्येक फाइल उघडताना, लिहिताना, उतरवून घेताना तो मध्ये उभा राहतो, आणि तुम्ही केलेल्या प्रत्येक कृतीपाठीमागे त्याची एक कृती असते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर तर एकच सुई तुमचे आणि त्याचे काम आलटून पालटून करते. मंदपणाचे मोठे कारण तेथे आहे. म्हणून जुन्या लॅपटॉपवर चार अँटिव्हायरस बदलून पाहण्यापेक्षा हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली, तर फरक अधिक पडतो. वर्ध्यातला कुठलाही दुरुस्तीवाला हे काम करून देईल.

जडपणाचे दुसरे कारण बाजाराचे आहे. अँटिव्हायरस म्हणून घेतलेल्या गोष्टीत आता व्हीपीएन येतो, पासवर्डची तिजोरी येते, संगणकाचा ‘वेग वाढवणारा’ झाडू येतो, खरेदीच्या सवलती सुचवणारे ब्राउझरचे शेपूट येते. यांतले बरेचसे घरच्या माणसाने मागितलेले नसते. वेग वाढवतो म्हणणारा झाडू तर मी सरळ नको म्हणून सांगेन. विंडोजची साफसफाई विंडोजलाच करता येते.

याला उत्तर म्हणून ‘हलका’ हा शब्द जाहिरातींत आला. आणि येथे १९२९ च्या अटी हाताशी ठेवाव्या लागतात, कारण अँटिव्हायरसचे वजन नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे सरकते.

सरकण्याची पहिली जागा इंटरनेट. हलक्या अँटिव्हायरसमध्ये ओळखखुणांचा मोठा साठा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. संशयास्पद फाइल दिसली की तेथे विचारणा होते. संगणकावरचा भार खरोखर कमी होतो. पण नेट गेले की पहारेकऱ्याची अर्धी स्मरणशक्ती जाते. शहरात हे क्वचित होते. पावसाळ्यात वीज आणि नेट बरोबरीने जाणाऱ्या खेड्यात, पेनड्राइव्हवरून फाइल घेणाऱ्या मुलीसाठी, ती नेमकी नको तेव्हाची उणीव असते. तेव्हा विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की नेट बंद असताना हा किती ओळखतो? काही स्वतंत्र चाचण्या नेट चालू आणि नेट बंद असे दोन्ही आकडे देतात. आपल्याकडचा ग्राहक ते पाहत नाही, कारण ते त्याला कुणी मराठीत दाखवत नाही.

दुसरी जागा तुमची माहिती. काही अँटिव्हायरस फुकट मिळतात, आणि फुकट देणाऱ्याला पैसे कुठून तरी मिळवावे लागतात. चेकोस्लोव्हाकियात १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘अवास्ट’चे उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. वापरणाऱ्यांनी कोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती तिच्या ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकली जात होती. हे बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर १ कोटी ६५ लाख डॉलरचा भरणा लादला आणि जाहिरातींसाठी असली माहिती विकायला मनाई केली. संरक्षणासाठी ज्याला घरात घेतले, त्यानेच घरातल्या हालचालींची नोंद विकली. अशा वस्तूला हलकी म्हणायला माझे मन तयार होत नाही.

तिसरी जागा अधिकाराची. अँटिव्हायरसला संगणकाच्या सगळ्यात आतल्या थरात शिरकाव लागतो, म्हणून त्याची चूक साध्या प्रोग्रॅमच्या चुकीसारखी राहत नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच आवश्यक फाइल घातक ठरवली आणि संगणक बंद पडले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो मोठ्या कंपन्यांसाठीचा प्रोग्रॅम होता, घरचा नव्हे. पण धडा घरालाही लागू पडतो: एकाच संगणकावर दोन अँटिव्हायरस बसवू नयेत. दोघेही त्याच आतल्या जागेसाठी भांडतात आणि एकमेकांना संशयित ठरवतात.

सेवाग्राम आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा अजून दाखवतात. साप मारायचा नाही, पकडून लांब रानात सोडायचा, असा तेथला शिरस्ता होता. संशयित फाइल लगेच नष्ट न करता क्वारंटाइनमध्ये ठेवणारा अँटिव्हायरस याच कारणाने बरा, कारण ती निरुपद्रवी निघाली तर परत मिळते. मराठी फाँटची जुनी टायपिंग सॉफ्टवेअरे विषाणू समजून उडवली जाण्याचा अनुभव पुष्कळांना असेल.

राहिला पैसा. १९२९ च्या अटीत वर्षाचा देखभाल खर्च पाच टक्के होता, म्हणजे दीडशेच्या चरख्याला साडेसात रुपये. तीस हजारांच्या नव्या संगणकाला हाच हिशेब लावला तर वर्षाला दीड हजार होतात, दहा हजारांत घेतलेल्या जुन्या लॅपटॉपला पाचशे. त्या पाचशेत पंखा साफ करणे, चार्जर बदलणे, कीबोर्डची तुटलेली बटणे बसवणे हे सगळे आले. अँटिव्हायरसची वार्षिक वर्गणी या रकमेचा मोठा भाग एकटीच खाते. त्यातही पहिल्या वर्षीची सवलतीची किंमत दुसऱ्या वर्षी नसते. कार्डावरून आपोआप नूतनीकरण होते ते पूर्ण किमतीला.

मग माझे मत काय? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजबरोबरच येतो. बहुतेक घरांनी त्यावर भिस्त ठेवावी. तो प्रत्येक चाचणीत सगळ्यात हलका ठरतो असे मुळीच नाही. फाइल कॉपी करताना तो जाणवतो, आणि ऑस्ट्रियातल्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज’च्या वेगाच्या चाचण्यांत ‘ईसेट’सारखी नावे त्याच्या पुढे राहत आली आहेत. पण त्याची वेगळी वर्गणी नाही, मुदत संपल्याची धमकी नाही, दुसऱ्या कंपनीला नव्याने घरात घेणे नाही. सगळे वजन एकत्र मांडले तर तो साध्या घराला परवडतो. ज्यांच्या संगणकावर रोज परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, म्हणजे झेरॉक्सवाले, सेवा केंद्रवाले, शिकवणी घेणारे, त्यांनी विकतचा घ्यावा. त्यातही अशा कंपनीचा, जिचा माणूस फोनवर मराठीत बोलतो आणि जिची ओळखयादी नेटशिवायही चांगली आहे.

क्रॅक केलेला अँटिव्हायरस कुणीच घेऊ नये. कुलूप फोडून मिळवलेल्या प्रोग्रॅममध्ये फोडणाऱ्याने काय ठेवले आहे, ते तो तुम्हाला सांगणार नाही.

भिंतीलाच भेगा असतील तर पहारेकरी पुरत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी ती वापरात राहिली. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा विषाणू जगभर पसरला, तेव्हा तो ज्या भेगेतून शिरत होता, नव्या विंडोजमधली ती भेग बुजवणारे अपडेट येऊन दोन महिने झाले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते अडकले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरांना आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात. डिफेंडरच्या ओळखयाद्या तर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, आणि नेमकी तेथेच फसगत होईल: हिरवी खूण दिसत राहील, पण विंडोजमधल्या नव्या भेगा बुजणार नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सेवाग्रामातला तो भावाकडून आलेला लॅपटॉप बहुधा बाद ठरेल. यंत्र धडधाकट असताना ते निकालात काढायला लावणारा हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. वीस वर्षांची अट घालणाऱ्यांच्या गावात तर अधिकच. अशा संगणकावर लिनक्स मिंटचे हलके रूप बसवावे. मराठी टायपिंग, कागदपत्रे, ब्राउझर, व्हिडिओ हे सगळे त्यावर चालते, आणि घरच्या वापरासाठी वेगळा अँटिव्हायरस सहसा लागत नाही. अडचण येईल ती विंडोजपुरत्याच बनवलेल्या काही जुन्या कामाच्या प्रोग्रॅमची. ज्याला ते लागतात त्याने आधी तपासून पाहावे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आज घराघरांतून जाणारा पैसा बहुतांशी फोनवर गोड बोलून, ओटीपी काढून घेऊन, खोटी लिंक पाठवून जातो. हलका असो वा जड, कोणताही अँटिव्हायरस तेथे फारसा कामाचा नाही. तसे घडले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करणे हाच इलाज.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. क्विक हील, ई-स्कॅन, के सेव्हन यांच्या मदतीने विषाणू काढायची साधने तेथे मोफत मिळतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय मान्य केला आहे, म्हणजे मराठीतही. तो कायदा पूर्ण अमलात येईल तेव्हा अँटिव्हायरस माझ्या संगणकावरून काय काय गोळा करतो, हे मराठीत वाचण्याचा हक्क प्रत्येक घराला असेल.

जे नाही ते आपल्या घरांना धरून केलेले मोजमाप. परदेशी चाचण्यांत कमी ताकदीचे म्हणून घेतलेले यंत्रसुद्धा एसएसडीवर चालते. चार जीबी रॅम आणि फिरणारी डिस्क, ४५ अंशांची खोली, येता-जाता तुटणारे नेट, अशा परिस्थितीत कोणता अँटिव्हायरस किती सोसवतो हे कुणी मोजत नाही. मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेवाग्रामात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोघांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी मागणी आहे. एक खोली, दहा-बारा वापरलेले संगणक आणि शिकाऊ विद्यार्थी एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. फाइल उघडायला लागणारा वेळ, नेट बंद असताना पकडलेले विषाणू, महिन्याला खर्च होणारा डेटा, दुसऱ्या वर्षीची खरी किंमत आणि कंपनीकडे जाणारी माहिती, असे पाच रकाने पुरेत. निकाल मराठीत छापावा, दुकानदारांना आणि सेवा केंद्रांना वाटावा, आणि दरवर्षी जूनमध्ये, विदर्भातल्या शाळा-कॉलेजे उघडण्याच्या आधी यावा. जुने लॅपटॉप घराघरांत हात बदलतात ते त्याच दिवसांत.